अपघात ‘गावाच्या हद्दीत’ झाला, म्हणजे नेमका कुठे?

मंडळी, गावातला एखादा तरणाताठा पोरगा फटफटीवरून पडून गेला, की दहाव्याच्या आतच त्याचा निकाल लागलेला असतो. पारावर कोणी म्हणतो, घेतलेली होती. कोणी म्हणतो, गाडी फार पळवायचा. एखादा म्हातारा म्हणतो, वेळ भरली होती, दुसरं काय. पोलिसांच्या कागदावर ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे’ हे ठरलेले शब्द येतात. खाली कलम येते (पूर्वीचे ३०४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६). आणि गाडीवर तो एकटाच असेल तर आरोपीही तोच आणि मयतही तोच. फाईल बंद. या सगळ्यात एक प्रश्न मात्र कोणी धड विचारलेला नसतो. तो पडला कुठे?

तुम्ही म्हणाल, लिहिलेलं असतं की! ‘मौजे अमुक गावच्या हद्दीत, अमुक ते तमुक जाणाऱ्या डांबरी रोडवर.’ बरोबर. पण त्या हद्दीत रस्ता आहे तीन किलोमीटर. त्यात दोन मोऱ्या, ओढ्याकडे जाणारा उतार, उसामुळे आंधळे झालेले एक वळण, दोन फाटे, शाळा आणि एसटीचा थांबा. यातली कुठली जागा? पंचनाम्यात चतुःसीमा असते, पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याची विहीर. चार वर्षांनी अमक्याने शेत विकलेले असते आणि तमक्याची विहीर बुजलेली असते. पंचनामा लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. तो कागद कोर्टासाठी लिहिलेला असतो, रस्ता सुधारण्यासाठी नव्हे. पण मग रस्ता सुधारण्यासाठीचा कागद कोण लिहितो? आजवर कोणीच नाही, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

हा प्रश्न केवढा आहे ते आधी पाहा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यातली शंभरातली साधारण ४४ दुचाकीवरची होती. एकट्या महाराष्ट्रात १५ हजार २२४ गेली. शहरात गर्दी, म्हणून तिथे मरण जास्त, असे आपल्याला वाटते. आकडा उलटा आहे, शंभरातली ६८ मरणे ग्रामीण भागातली आहेत. आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय महामार्गावर ६१ हजार ३८, राज्यमार्गावर ४१ हजार १२, आणि राहिलेल्या ‘इतर’ रस्त्यांवर ६६ हजार ४४१. या ‘इतर’मध्येच आपला जिल्हा परिषदेचा रस्ता येतो, ग्रामसडक येते, कारखान्याकडे जाणारा रस्ता येतो. म्हणजे सगळ्यात मोठा ढीग इतरांचा, आणि त्याला नावसुद्धा ‘इतर’!

आता जागेवरून कारण शोधण्याची ही विद्या नवी नाही. लंडनमध्ये १८५४ साली सोहो भागात कॉलरा पेटला. त्या वेळी डॉक्टर लोकांचा समज होता की रोग घाणेरड्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून कोण मेले ते विचारले आणि पुढे नकाशावर प्रत्येक मरणाची खूण केली. खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. त्याने अपवादही तपासले. जवळच्याच दारूच्या भट्टीतले कामगार वाचले होते, कारण ते पंपाचे पाणी पीत नव्हते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला. साथ त्याआधीच ओसरू लागली होती, हेही खरे. पण मरणाचे कारण माणसाच्या नशिबात किंवा स्वभावात शोधण्याआधी ते जागेत शोधावे, हा धडा त्या नकाशाने दिला. आज त्याचे मोठे शास्त्र झाले आहे. त्याला अवकाशीय संख्याशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, आपण त्याला जागेचे गणित म्हणू.

शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगायची गरज नाही, तो ते रोज करतो. तुरीत मर दिसली की तुम्ही काय बघता? झाडे रानभर इकडेतिकडे सुटीसुटी वाळली आहेत, की ठिकठिकाणी चट्टे पडले आहेत? खळग्यात पाणी साचते तिथेच आहेत, की उंचवट्यावरही आहेत? चट्टा असेल तर दोष जमिनीत, पाण्यात शोधायचा, एकेका झाडाला शिव्या देऊन काय होणार? मग गाडीवरून पडणाऱ्या पोरांच्या बाबतीत आपण एकेका झाडालाच शिव्या का देत बसतो?

यावर कोणी लगेच म्हणेल, दारूचे काय, वेगाचे काय, हेल्मेटचे काय? प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेली ५० हजार २९ माणसे मेली, हा त्याच अहवालातला आकडा आहे. हेल्मेट घालाच, त्याबद्दल वाद नको. पण असा विचार करा. प्यालेला माणूस तालुक्याहून गावापर्यंत पंधरा किलोमीटर येतो. चौदा किलोमीटर तो पडत नाही. पडतो तो कठडा नसलेल्या मोरीवर. आधीचा गेला तोही तिथेच, आणि तो माळकरी होता. मग दारूबरोबर मोरीलाही आरोपी करायला नको का?

मात्र या गणितात उतरताना काही खड्डे आहेत, ते आधी सांगतो. नाहीतर उत्साहाच्या भरात भलतीच जागा फासावर जायची.

पहिला खड्डा योगायोगाचा. घरच्या जमिनीवर खडूने २४ चौकोन आखा आणि डोळे मिटून ज्वारीचे २४ दाणे टाका. प्रत्येक घरात एकेक दाणा पडेल असे वाटते ना? तसे कधीच होत नाही. आठ-नऊ घरे रिकामी राहतील आणि एक-दोन घरांत तीन-तीन दाणे पडतील. तिथे काही भूत नाही, दाण्यांचा स्वभावच तसा. अपघातांचेही तसेच. एका वळणावर वर्षात दोन अपघात झाले की आपण नारळ फोडतो, शेंदूर लावतो, ‘जागा वाईट आहे’ म्हणतो. असेलही वाईट, नसेलही. म्हणून अभ्यासक काय करतात, तर संगणकाला सांगतात, याच रस्त्यांवर एवढेच अपघात वाटेल तसे टाक, आणि हे हजारदा कर. हजार वेळांत जेवढी दाटी आपोआप क्वचितच झाली, त्यापेक्षा खऱ्या नकाशावर दाटी जास्त असेल, तरच म्हणायचे की इथे काहीतरी आहे. आर्थर गेटिस आणि कीथ ऑर्ड या दोघांनी १९९२ साली अशी दाट ठिकाणे मोजण्याचे एक माप दिले. ते आज जगभर वापरले जाते.

दुसरा खड्डा अंतराचा. नकाशावर दोन ठिपके जवळ दिसले म्हणजे ते जवळ असतातच असे नाही. नदीच्या अलीकडच्या रस्त्यावर एक अपघात, पलीकडच्या रस्त्यावर दुसरा. पाखराला दोनशे मीटर, पण गाडीवाल्याला पुलावरून फिरून चार कोस. मोटारसायकल रस्त्यावरच चालते, तेव्हा अंतरही रस्त्यानेच मोजले पाहिजे. हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण कित्येक वर्षे नकाशे पाखराच्याच अंतराने काढले जात होते. त्यामुळे जिथे रस्त्यांचे जाळे दाट, त्या तालुक्याच्या गावात खोटीच दाटी दिसायची. टोकियो विद्यापीठातले आत्सुयुकी ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्याच्या जाळ्यावरूनच मोजण्याच्या रीती बसवल्या, तेव्हा कुठे हे सुधारले.

तिसरा खड्डा सर्वांत मोठा आणि आपल्याकडे हमखास लोक त्यातच पडतात. तो म्हणजे वर्दळ. समजा, बाजाराच्या फाट्यावर पाच वर्षांत दहा अपघात झाले आणि ओढ्यावरच्या मोरीवर चार. सभेत कोणीही उठून सांगेल, फाटा धोक्याचा. पण फाट्यावरून रोज चार हजार गाड्या जात असतील आणि मोरीवरून चारशेच, तर? फाट्यावर रोजच्या चारशे गाड्यांमागे एक अपघात पडतो, मोरीवर शंभरामागे एक. म्हणजे मोरी चौपट वाईट निघाली. गाड्या मोजायला यंत्र लागत नाही. शाळेची चार पोरे वही घेऊन सकाळी एक तास आणि दिवेलागणीला एक तास बसवा, बाजारचा दिवस एकदा आणि साधा दिवस एकदा. एवढ्याने पुरेसा अंदाज येतो.

चौथा खड्डा कोऱ्या जागेचा. नकाशावर जिथे ठिपका नाही ती जागा सुरक्षित, असे समजू नका. हायवेवर पोलिसांची गाडी फिरते, तिथले अपघात नोंदले जातात. पाणंदीजवळ घसरून पाय मोडलेला माणूस हाडवैद्याकडे जातो किंवा खासगी दवाखान्यात पट्टी करून घरी येतो. केस कशाला, उगाच लचांड, असे म्हणतो. म्हणजे आपला नकाशा अपघाताचा न राहता नोंदीचा नकाशा होतो.

आता सरकार काय करते ते पाहू. सरकारकडे ‘ब्लॅक स्पॉट’ नावाची गोष्ट आहे. केंद्रीय मंत्रालयाने २०१५ मध्ये ठरवलेली व्याख्या अशी: राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथे मागच्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा माणसे मेली. महामार्गासाठी ही व्याख्या ठीक आहे. तिथे वर्दळ आहे, ठिपके भराभर साठतात, आणि यादीत नाव आले की पैसा येतो, पूल होतो, दिवे लागतात. चांगलेच आहे. पण हाच गज गावच्या रस्त्याला लावला तर काय होते?

समजा, तुमचा रस्ता बारा किलोमीटरचा आहे. म्हणजे पाचशे मीटरचे २४ तुकडे. तीन वर्षांत त्यावर आठ जबर अपघात झाले. आठ घरे उद्ध्वस्त झाली म्हणा ना. पण ते आठ अपघात सात तुकड्यांत विखुरले. एकाही तुकड्यात पाच भरले नाहीत. तेव्हा यादीप्रमाणे तुमच्या रस्त्यावर धोक्याची जागा एकही नाही. निधी मागायला गेलात तर साहेब म्हणणार, निकषात बसत नाही. आणि साहेब खोटे बोलत नसतात. निकषच मोठ्या रस्त्याचा आहे. अजून दोघे-तिघे एकाच ठिकाणी जाण्याची वाट बघणारा निकष गावाच्या काय कामाचा?

माझे म्हणणे असे आहे की गावच्या रस्त्याला प्रश्न बदलून विचारला पाहिजे. ‘कुठली जागा वाईट?’ असे न विचारता ‘कुठल्या जातीची जागा वाईट?’ असे विचारा. वरच्याच रस्त्याचे उदाहरण पुढे नेतो. त्या बारा किलोमीटरवर नऊ मोऱ्या आहेत. प्रत्येक मोरीच्या दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास मीटर धरले तर मोऱ्यांचा हिस्सा झाला नऊशे मीटर. बारा हजारांत नऊशे म्हणजे शंभरात साडेसात. आठ अपघातांतले साडेसात टक्के काढले तर एक अपघातसुद्धा पुरता मोऱ्यांच्या वाट्याला यायला नको. आणि नोंदी पाहिल्यावर आठांतले सहा मोऱ्यांजवळ निघाले, तर? मग कुठल्याही एका मोरीवर दोनपेक्षा जास्त अपघात नसले तरी नऊच्या नऊ मोऱ्यांना कठडे, पांढरे पट्टे आणि चमकणारे रिफ्लेक्टर लावायला कोणाला पुरावा मागायची गरज उरत नाही. एका तालुक्यातल्या पन्नास गावांच्या नोंदी एकत्र केल्या तर हे चित्र आणखी पक्के होते. एका गावाचे ठिपके थोडे असतात, त्यांत योगायोग लपून बसतो. पन्नास गावांत त्याला लपता येत नाही.

हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे, तुमच्या भागात मोऱ्यांऐवजी दुसरेच काही निघेल. दुचाकीला कशाकशाने पाडता येते याची जंत्री तुम्हालाच जास्त माहीत. डांबर नव्याने चढवले आणि साइडपट्टी भरलीच नाही, तर कडेला वीतभर पायरी होते. समोरून ट्रक आला म्हणून गाडी खाली घेतली की परत वर चढताना चाक घसरते. चारचाकीला त्याचे काही वाटत नाही, दोन चाकांना ती मरणाची पायरी आहे. वळणावर सांडलेली बारीक खडी. पावसाळ्यात ट्रॅक्टरने रानातून आणलेला चिखल, तो डांबरावर पसरला की साबण. पुढे सुगीत रस्त्यावर पसरलेले पीक. तेही लिहायला हवे, आपलेच असले म्हणून काय झाले? चारचाकी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या रस्त्यात यातले बरेचसे दिसतच नाही. आणि गंमत पाहा, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांच्या अपघातांची चर्चा वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त होते. त्या दोन्हींवर मोटारसायकलला बंदी आहे!

जागेबरोबर वेळही लिहायला हवी. देशात सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात होतात. आपल्याकडे हीच वेळ रानातून परतण्याची, दूध घालायला जाण्याची, बाजार उठण्याची. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, त्यांना ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पंक्चर झाली की रस्त्यातच उभ्या, मागे दगड लावून. त्यामुळे वर्षभराचे ठिपके एकाच नकाशावर टाकले तर हंगामाचा चट्टा पुसट दिसतो. चार महिन्यांचा वेगळा नकाशा केला की तो ठळक होईल. आणि तो कारखान्याच्या गट ऑफिसपुढे नेऊन ठेवता येईल. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायला किती पैसे लागतात? एका टायरच्या किमतीत शेपन्नास ट्रॉल्या होतील.

हे सारे करायचे तर नोंद कोणी करायची? पोलिसांकडे आता सोय आहे. आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी केलेली ‘आयरॅड’ ही अपघात नोंदणी २०२१ पासून सुरू झाली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे ती ‘ई-डार’ झाली. हवालदाराने जागेवर जाऊन मोबाईलमध्ये माहिती भरली की अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. व्यवस्था उत्तम आहे. मात्र जागेवर घाई झाली आणि फॉर्म ठाण्यात येऊन भरला, तर जागाही ठाण्याचीच उमटेल. मग नकाशावर तालुक्यातला सर्वांत मोठा ब्लॅक स्पॉट म्हणजे खुद्द पोलीस ठाणे! हसण्यावारी नेऊ नका. फिर्याद द्यायला जाल तेव्हा ‘साहेब, ठिकाण नकाशावर नीट टाकलंय ना?’ एवढे अदबीने विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पण सगळा भार पोलिसांवर टाकून भागणार नाही. जे अपघात ठाण्यापर्यंत जातच नाहीत त्यांचे काय? इथे पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले पूर्वीचे ग्रामसेवक, २०२४ मध्ये पाटी बदलली, काम तेच) यांनी मनावर घेतले तर काम होईल. एक साधी दोनशे पानी वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, वेळ, जागा, काय झाले, कितपत लागले. नाव लिहू नका. नाव आले की लोक घाबरतात, घरचे म्हणतात विम्याला अडचण येईल, आणि वही कोरी राहते. आपल्याला माणूस नको, जागा हवी.

जागा कशी लिहायची? मोबाईलच्या नकाशात आपण उभे आहोत तो निळा ठिपका दाबून धरला की दोन आकडे येतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांश चिन्हापुढचे चार आकडे घेतले तरी अकरा-बारा मीटरपर्यंत नेमकी जागा सापडते, म्हणजे मोरीची अलीकडची बाजू की पलीकडची हेसुद्धा कळते. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ यांच्या दरम्यान असला पाहिजे. उलटसुलट लिहिलेत तर आपल्या गावचा अपघात उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडेल. ज्यांना मोबाईलचे जमत नाही त्यांनी किलोमीटरच्या दगडापासून पावले मोजून लिहावे. ‘दगड क्रमांक सातपासून तालुक्याकडे १४० पावले, डाव्या हाताला.’ हेही शंभर नंबरी.

मागची माहितीही मिळवता येते. २०१४ पासून चालू असलेल्या १०८ रुग्णवाहिकेला रुग्ण कुठून उचलला याची नोंद ठेवावीच लागते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मयताच्या वारसाला दोन लाख मिळतात, त्यासाठीचे कागद तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातात आणि त्यांत घटनास्थळाचा पंचनामा असतो. ही बंडले कपाटात पडून आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयात भूगोल किंवा संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना गाठा. क्यूजीआयएस नावाचे नकाशाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, विद्यार्थ्यांना प्रकल्प करायचेच असतात. दरवर्षी तेच तेच विषय घेण्यापेक्षा आपल्या तालुक्यातले पाच वर्षांचे ठिपके त्यांनी रस्त्यावर बसवून दाखवावेत. दाण्यांचा जो प्रयोग वर सांगितला तो संगणकावर हजारदा करायला त्यांना एक दुपार पुरे.

आणि हे घेऊन जायचे कुठे? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्यापुढे आपण आजवर काय नेले? अर्ज. ‘आमच्या गावाजवळ वारंवार अपघात होतात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ अशा अर्जांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. त्याऐवजी ग्रामसभेचा ठराव, सोबत वहीची नक्कल आणि नकाशा गेला, तर ‘वारंवार’ म्हणजे किती, हा प्रश्न उरत नाही. कायद्याचाही आधार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ घातले गेले. रस्ता ठरलेल्या मानकाप्रमाणे केला किंवा राखला नाही आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. दंड मोठा नाही. पण रस्ताही दोषी असू शकतो हे कायद्याने मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. ते सिद्ध करायचे तर नेमकी जागा लागतेच.

अपघातानंतर जखमीला उचलणाऱ्याने घाबरायचे कारण नाही, हेही जाता जाता सांगतो. त्याच दुरुस्तीतल्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दावा लावता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. तेव्हा आधी माणूस उचला, वही नंतर.

शेवटी गतिरोधकाचा विषय घेतलाच पाहिजे, कारण आपल्याकडे अपघात झाला की संतापाच्या भरात रातोरात मुरूम-सिमेंट टाकून ‘ब्रेकर’ उभा करण्याची रीत पडली आहे. रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, त्यावर पट्टे हवेत, अलीकडे फलक हवा. आपला ब्रेकर हातभर रुंद आणि वीतभर उंच. अंधारात मागे बसलेली म्हातारी उडून पडते ती त्याच्यावरूनच. म्हणजे एका ठिपक्यावर औषध म्हणून आपण दुसरा ठिपका तयार करतो. दुसरी गोष्ट, एखाद्या जागी एका वर्षात पाच अपघात झाले, ब्रेकर टाकला, पुढच्या वर्षी दोन झाले, की सरपंच सत्कार घेतात. पण मोठ्या पावसाच्या वर्षानंतरचे वर्ष बहुधा बेताचेच जाते, त्यात कोणाचे कर्तृत्व नसते. फार वाईट वर्षानंतर अपघात आपोआपही उतरतात. म्हणून निदान तीन वर्षे आधीची आणि तीन वर्षे नंतरची मोजली पाहिजेत. शिवाय शेजारच्या, काहीच न केलेल्या तशाच रस्त्याशी ताडून पाहिले पाहिजे. तेव्हा वहीत सहावा रकाना आखा. त्यात कठडा केव्हा बांधला, साइडपट्टी केव्हा भरली, ब्रेकर केव्हा टाकला आणि केव्हा उखडला, त्याच्या तारखा लिहा. त्या तारखा नसतील तर पुढे कोणालाच हिशेब लावता येणार नाही.